सहीच्या आधीचा सूर

वादकाचं नाव लावून बाजारात येणाऱ्या गिटारला सिग्नेचर गिटार म्हणतात. प्रथा जुनी आहे. १९५२ साली गिब्सननं लेस पॉल यांच्या नावाची गिटार आणली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत ग्रेच कंपनीनं नॅशव्हिलच्या चेट ॲटकिन्स यांचं नाव आपल्या गिटारवर घातलं. फेंडर या वाटेला उशिरा आली. १९८८मध्ये तिनं एरिक क्लॅप्टन यांच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर काढली. आज अशा गिटारी शेकड्यांनी मिळतात. दुकानात त्यातली एखादी हातात घेतली, की मनात पहिला प्रश्न येतो तो किमतीचा. नुसत्या नावाचे इतके पैसे कशाला? प्रश्न रास्त आहे. पुष्कळदा रंग बदललेला असतो, डोक्याच्या पट्टीवर सही असते आणि आतलं वाद्य तेच असतं.

कंट्री रॉक वाजवणाऱ्यांच्या गिटारी आणि त्यांच्या पायाशी मांडलेले इफेक्ट, म्हणजे आवाज बदलणाऱ्या पेट्या, पाहिल्या, की मात्र वेगळी हकिकत कळते. इथे वादकानं आधी स्वतःच्या वाद्यावर करवत चालवली, तारा बदलल्या, पिकअप (तारांचं कंपन विजेत उतरवणारे भाग) काढून दुसरे बसवले, एखाद्या मित्राकडून कळ करून घेतली. पुढे कित्येक वर्षांनी कंपनीनं तेच कारखान्यात उतरवलं. सही सर्वांत शेवटी आली. त्याआधी एक सूर होता, जो त्या वादकाच्या कानात वाजत होता आणि हातातल्या गिटारमधून निघत नव्हता. तो सूर कोणता, आणि तो मिळवण्यासाठी कुणी काय केलं, हे मराठी वाचकाला नीट सांगावं, म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे.

आधी संगीताविषयी थोडं. कंट्री ही अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गावांतून वाढलेली गाणी. फिडल, बँजो, गिटार आणि साध्या माणसाचं सुखदुःख. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड या शहरात बक ओवेन्स आणि मर्ल हॅगर्ड यांनी या गाण्यांना विजेच्या गिटारची धार दिली. त्याच दशकाच्या अखेरीला लॉस एंजेलिसमधल्या रॉक वादकांना कंट्रीची ओढ लागली. ऑगस्ट १९६८मध्ये आलेली बर्ड्स या बँडची 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' ही तबकडी या वळणावरची ठळक खूण. तिच्यामागे ग्रॅम पार्सन्स होते. पुढे फ्लाइंग बरिटो ब्रदर्स, एमिलू हॅरिस, ईगल्स अशी ही वाट रुंद होत गेली. या सगळ्या संगीतात गिटारवादकाला एका शेजारच्या वाद्यानं सतत झुलवत ठेवलं. ते वाद्य म्हणजे पेडल स्टील.

स्टील गिटारचं मूळ हवाईत. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून लोखंडी कांडी सरकवायची. आपल्याकडे हा आवाज अनोळखी नाही. मुंबईत व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या धून एका पिढीनं रेडिओवर ऐकल्या आहेत. अमेरिकेत या गिटारला पाय फुटले, मग पायाशी पेडलं आली. १९५४ साली वेब पिअर्स यांचं 'स्लोली' हे गाणं गाजलं. त्यात बड आयझॅक्स यांनी सूर वाजत असतानाच पेडल दाबलं. एक तार जागच्या जागी स्थिर राहिली आणि तिच्या शेजारची तार वर चढत जाऊन नव्या सुरावर विसावली. तोवर पेडलचा उपयोग जुळणी बदलण्यापुरता होत होता. आता बदलाची ती क्रियाच ऐकू आली. नॅशव्हिलमधल्या प्रत्येक स्टीलवादकाला ते हवंसं झालं, आणि गिटारवादकांनाही.

सतारीवरची मींड ऐकणाऱ्याला यातली गंमत चटकन कळेल. तार बाजूला ओढून सूर चढवणं आपल्याकडे शतकानुशतकं चाललं आहे. पण सतारीवर मींड प्रामुख्यानं बाजाच्या तारेवर घेतली जाते. पेडल स्टीलवर दोन-तीन तारा एकत्र वाजत असतात आणि त्यांतली एकच, ठरलेल्या अंतरानं, अचूक चढते. साध्या गिटारवर हे करायचं तर डाव्या हाताच्या एका बोटानं एक तार ओढायची आणि उरलेल्या बोटांनी दुसऱ्या तारा जराही हलू द्यायच्या नाहीत. १९५०च्या दशकात तारांचे जे संच मिळत, त्यांत तिसरी तारसुद्धा गुंडाळलेली आणि जाड असे. ती अर्धा सूर चढवतानाही बोटं दुखत.

यावरचा पहिला तोडगा जेम्स बर्टन या लुइझियानातल्या पोरसवदा वादकानं काढला. त्यांचा जन्म १९३९चा. डेल हॉकिन्स यांचं 'सूझी क्यू' १९५७मध्ये आलं, तेव्हा त्यातली गिटार वाजवणारे बर्टन अठराच्या आतबाहेर होते. त्यांनी गिटारच्या बारीक तारांच्या जागी बँजोच्या तारा लावल्या. बँजोची तार पातळ, म्हणून ती सहज वाकते. खर्च नगण्य, पण हाताला मोकळीक केवढी मिळाली! आज कुठल्याही दुकानात हलक्या तारांचा तयार संच मागून घेता येतो. त्यामागे बर्टन आणि त्यांच्यासारख्या काही वादकांची ही खटपट आहे.

बर्टन यांच्या हातातली गिटार होती फेंडर टेलिकास्टर, आणि या पुस्तकाची नायिकाही तीच. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करणारे लिओ फेंडर यांनी ती घडवली. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५०मध्ये ती ब्रॉडकास्टर या नावानं निघाली. ग्रेच कंपनीचे ड्रम मिळत्याजुळत्या नावानं विकले जात असल्यामुळे तिचं नाव बदलावं लागलं. सपाट भरीव लाकडाची बॉडी, चार स्क्रूंनी जोडलेली मेपलची मान, दोन पिकअप, एक खटका. ब्रिजजवळचा पिकअप पोलादी पत्र्यात तिरपा बसवलेला असतो, आणि टेलिकास्टरचा तो टणक, टोकदार, जरा बोचरा आवाज मुख्यतः तिथून येतो. कंट्रीच्या गर्दीत, फिडल आणि स्टीलच्या मधून, हाच आवाज वाट काढतो. तिची दुसरी थोरवी अशी, की ती सहज खोलता येते. स्क्रू काढा, मान बदला, पिकअप बदला, लाकूड खरवडा. वादकांनी तिच्यावर इतके प्रयोग केले याचं अर्धं श्रेय लिओ फेंडर यांच्या या सरळ बांधणीला द्यायला हवं.

त्या प्रयोगांतला सर्वांत धाडसी प्रयोग क्लॅरेन्स व्हाइट आणि जीन पार्सन्स यांचा. व्हाइट हे ब्लूग्रास या कंट्रीच्या शैलीत वाढलेले अव्वल गिटारवादक. पार्सन्स ड्रम वाजवत, पण हात मूळचा यंत्रकामाचा. (ग्रॅम पार्सन्स यांच्याशी त्यांचं नातं नाही, आडनाव तेवढं एक.) व्हाइट यांना स्टीलसारखी एक तार चढवायची होती आणि डाव्या हाताची बोटं आधीच गुंतलेली होती. एका ध्वनिमुद्रणात त्यांनी पार्सन्स यांना शेजारी उभं केलं आणि खुंट्यांजवळ तार दाबायला सांगितलं. ते जमलं, पण मैफलीत प्रत्येक वेळी दुसऱ्याचा हात कुठून आणायचा? मग पार्सन्स यांनी ती करामत गिटारच्या पोटातच बसवायचं ठरवलं. स्टीलवादक स्नीकी पीट क्लाइनो यांच्याकडून पेडल स्टीलचे सुटे भाग आले. व्हाइट यांची १९५४ची टेलिकास्टर मागून कोरली गेली, आणि यंत्रणा मावेना म्हणून पाठीला लाकडाचा आणखी एक थर जोडावा लागला.

ही यंत्रणा चालते कशी, ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. खांद्यावरचा पट्टा गिटारच्या वरच्या खांद्याशी ज्या बटणात अडकतो, ते बटण स्थिर नसतं. ती एका तरफेची बाहेर आलेली दांडी असते. तरफेपासून बॉडीच्या आतून एक सळई ब्रिजच्या मागे जाते आणि दुसरी तार, म्हणजे बी सुराची तार, ज्या फिरत्या भागाला बांधलेली असते त्याला ओढते. वादकानं डाव्या हातानं गिटारची मान किंचित खाली दाबली, की पट्टा तरफ वर खेचतो आणि बी तार बरोबर एक सूर चढते. हात सैल सोडला, की स्प्रिंग तिला जागेवर आणते. किती चढायचं ते एका स्क्रूनं पक्कं करून ठेवलेलं असतं, त्यामुळे सूर चुकायला वाव नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ए हा षड्ज धरा. दुसरी मोकळी तार रिषभावर असते, पहिली पंचमावर. मान दाबली, की रिषभ घसरत शुद्ध गंधारावर जाऊन बसतो आणि पंचम तसाच निश्चल राहतो. पाचवी मोकळी तार खाली षड्ज धरून असते. एका माणसाच्या दोन हातांत पेडल स्टीलचा आत्मा आला तो असा.

या यंत्रणेला १९७०मध्ये पेटंट मिळालं. तोवर व्हाइट बर्ड्समध्ये दाखल झाले होते आणि त्यांच्या वादनानं त्या बँडचा नूर पालटला होता. जुलै १९७३मध्ये कॅलिफोर्नियातल्या पामडेल इथे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यानं त्यांना धडक दिली. वय अवघं २९. त्यांच्या पत्नीकडून ती गिटार १९८०च्या सुमाराला कंट्री वादक मार्टी स्टुअर्ट यांनी घेतली. त्यांनी ती काचेच्या कपाटात ठेवली नाही. आजही ते ती रंगमंचावर वाजवतात. ईगल्सच्या पहिल्या तबकडीतल्या 'पीसफुल ईझी फीलिंग'मध्ये बर्नी लेडन यांनी हीच यंत्रणा वापरली, आणि लेड झेपेलिनच्या जिमी पेज यांनीही ती आपल्या टेलिकास्टरमध्ये बसवून घेतली. १९९०च्या दशकात फेंडरच्या कस्टम शॉपनं क्लॅरेन्स व्हाइट यांच्या नावाची टेलिकास्टर काढली. ज्यांचं नाव तिच्यावर आलं ते तोवर दोन दशकांपूर्वीच गेलेले होते. सिग्नेचर गिटारचं याहून प्रामाणिक उदाहरण मला माहीत नाही.

बर्टन यांच्या नावाची टेलिकास्टर १९९०मध्ये आली. तिच्यावरची नक्षी मराठी घरात लगेच ओळखू येईल, कारण ती आपली कोयरी आहे. काश्मिरी शालींवरची ही नक्षी स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावच्या मागांवर उतरली आणि युरोपात त्या गावाच्या नावानं ओळखली जाऊ लागली. १९६८मध्ये, तरुणाई भारताच्या ओढीनं भारलेली असताना, फेंडरनं कोयऱ्यांचा गुलाबी भिंतीकागद टेलिकास्टरवर चिकटवून वर लाखेचा थर दिला. तशी एक गिटार बर्टन यांच्याकडे आली. १९६९पासून ते एल्विस प्रेस्ली यांच्या बँडचे प्रमुख गिटारवादक होते, आणि लास व्हेगासच्या रंगमंचावर ती गुलाबी टेलिकास्टर जगानं पाहिली. पुढे ग्रॅम पार्सन्स यांच्या दोन्ही एकल तबकड्यांत आणि एमिलू हॅरिस यांच्या हॉट बँडमध्ये बर्टन वाजले.

हॉट बँडमधली त्यांची जागा १९७६मध्ये अल्बर्ट ली या इंग्रज वादकानं घेतली. ली यांचं वादन म्हणजे वेगातली स्वच्छता. उजव्या हातात प्लेक्ट्रम, आणि मधलं बोट व अनामिका तारा उचलायला मोकळी. पुढे म्युझिक मॅन कंपनीनं त्यांच्या नावाची कोनाकोनांची, अंगानं हलकी गिटार काढली. वॉशिंग्टनचे डॅनी गॅटन हे आणखी वेगळे. जुन्या मोटारी उघडून बसायचा छंद असलेला हा माणूस गिटारही तसाच उघडून बसे. १९९०मध्ये फेंडरनं त्यांच्या नावाची टेलिकास्टर काढली. तिच्यात जो बार्डन यांचे दोन पात्यांचे पिकअप आहेत, त्यामुळे टेलिकास्टरचा आवाज राहतो आणि तिची सततची घरघर जाते. मानेच्या कडेला ठिपक्यांऐवजी चमकणारे खडे बसवले आहेत, कारण अंधाऱ्या क्लबात गॅटन यांना पडदे दिसायला हवे होते. हा तपशील मला फार बोलका वाटतो. खडे शोभेचे वाटतात, पण त्यामागे रात्रीमागून रात्री अर्ध्या उजेडात वाजवण्याची पूर्ण हकिकत आहे.

आता इफेक्टकडे वळू. कंट्री रॉक वादकाच्या पायाशी पहिला मान असतो कंप्रेसरचा. हे यंत्र मोठा आवाज दाबतं आणि बारीक आवाज उचलतं. १९७०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या एमएक्सआर कंपनीनं काढलेला डायना कॉम्प हा त्यातला सर्वांत ओळखीचा. लाल रंगाची मूठभर पेटी, तिच्यावर दोनच बटणं. त्यानं दोन गोष्टी साधतात. बोटानं तार चिमटीत उचलून सोडली, की कोंबडीच्या चोचीसारखा टक् असा जो आवाज येतो, तो प्रत्येक वेळी एकसारखा ऐकू येतो. आणि दोन तारा धरून चढवलेला सूर विरून न जाता स्टीलसारखा लांब टिकतो. पाहा, इथेही शोध त्याच शेजारच्या वाद्याचा आहे.

दुसरा मान प्रतिध्वनीचा. मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्स यांनी सन स्टुडिओत टेप मशिनच्या ध्वनिमुद्रण आणि वादन या दोन शिरांमधलं अंतर कामाला लावलं. फीत एका शिरापासून दुसऱ्यापर्यंत जायला सेकंदाचा सुमारे सातवा-आठवा भाग लागतो, आणि तेवढ्याच उशिरानं सूर एकदा परत येतो. हाच स्लॅपबॅक. इलिनॉयमधल्या रे बट्स यांनी फितीची ही यंत्रणा थेट ॲम्प्लिफायरमध्ये बसवली. तो ॲम्प चेट ॲटकिन्स यांनी घेतला, मग एल्विस यांचे गिटारवादक स्कॉटी मूर यांनी. अल्बर्ट ली यांनी प्रतिध्वनीला लयीचा भागीदार केलं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. वादकानं दुगुन वाजवायची, म्हणजे दर २५० मिलिसेकंदांना एक सूर, आणि डिले, म्हणजे प्रतिध्वनीचा उशीर, ठेवायचा ३७५ मिलिसेकंदांचा, म्हणजे पाऊण मात्रेचा. परतलेला प्रत्येक सूर दोन वाजवलेल्या सुरांच्या बरोबर मध्ये पडतो आणि ऐकणाऱ्याला चौगुन ऐकू येते. लय केसाइतकी ढळली तरी डाव विस्कटतो, म्हणून हा प्रयोग सोपा नाही.

तिसरी गोष्ट पुष्कळांना चकित करते. रॉकचा फाटका आवाज देणारं, बाजारात विकलं गेलेलं पहिलं पेडल कंट्रीच्या स्टुडिओतून आलं. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सिंग डेस्कचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या सहातारी बेसचा आवाज फाटला. तो तसाच ठेवला गेला. १९६१मध्ये गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट सहकाऱ्याच्या मदतीनं तयार केलं, आणि गिब्सननं १९६२मध्ये ते मेस्ट्रो फझ-टोन म्हणून विकायला काढलं. १९६५मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यांनी 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते वापरलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. कंट्री आणि रॉक यांची देवाणघेवाण नेहमी दोन्ही बाजूंनी चालत आली आहे, याचा याहून चांगला दाखला नाही.

आजच्या पिढीत ही परंपरा ठळकपणे पुढे नेणारे वादक म्हणजे ब्रॅड पेझ्ली. नाव योगायोगानं त्या नक्षीचंच, आणि त्यांची लाडकी गिटारही १९६८ची गुलाबी कोयऱ्यांची टेलिकास्टर. २०१७मध्ये फेंडरनं काढलेल्या त्यांच्या गिटारला चंदेरी चमक आहे, तशी बक ओवेन्स आणि त्यांचे गिटारवादक डॉन रिच यांच्या गिटारींना असे. आत मात्र पॉलोनिया या हलक्या लाकडाचा गाभा आणि वर-खाली स्प्रूसची पाती आहेत. वॉम्पलर या छोट्या कंपनीनं त्यांच्यासाठी आवाज फाडणारं ओव्हरड्राइव्ह पेडल बनवलं आणि त्यालाही त्यांचं नाव दिलं. सही गिटारवरून पायाखालच्या पेटीपर्यंत पोचली ती अशी.

पुढची प्रकरणं याच क्रमानं लावली आहेत: आधी तारा आणि हात, मग गिटार, मग यंत्रणा, मग इफेक्ट, आणि शेवटी आपल्या ऐपतीत काय करता येईल याची चर्चा. पुण्या-मुंबईत, कोल्हापूर-पणजीत आज चांगली गिटार वाजवणारी मुलं-मुली आहेत, आणि परदेशी सिग्नेचर गिटारची किंमत पाहून हिरमुसणारेही आहेत. त्यांना मला मनापासून सांगायचं आहे, की या पुस्तकातला एकही वादक महागड्या वाद्यानं सुरुवात केली म्हणून मोठा झाला नाही. बर्टन यांचा पहिला शोध तारांच्या एका पुडक्याइतका स्वस्त होता. साधी टेलिकास्टरच्या घाटाची गिटार, पातळ तारा, एक कंप्रेसर आणि एक डिले एवढ्यावर या शैलीचा मोठा भाग शिकता येतो.

वाचताना ध्वनिमुद्रणं मात्र हाताशी ठेवा. बर्ड्सची १९७०ची 'अनटायटल्ड' व्हाइट यांच्यासाठी, ग्रॅम पार्सन्स यांची 'ग्रीव्हस एंजल' बर्टन यांच्यासाठी, एमिलू हॅरिस यांची 'लक्झरी लायनर' अल्बर्ट ली यांच्यासाठी. प्रत्येक ठिकाणी आधी पेडल स्टील कुठे वाजते ते शोधा, मग गिटार तिच्याजवळ कुठे जाते ते ऐका. मग स्वतःच्या गिटारवर तोच सूर काढून पाहा. जिथे तो निघणार नाही तिथे थांबा आणि अडचण कशाची आहे ते ठरवा: बोटांची, तारांची, का वाद्याची. बोटांची असेल तर रियाज करा, तारांची असेल तर तारा बदला. वाद्याचीच असेल, तर नवीन काय घ्यायचं हे कुठल्याही जाहिरातीपेक्षा तुम्हालाच अधिक नेमकं कळलेलं असेल.